राजारामपुरीतून भाड्याने घेतलेली लेन्स आणि ‘आझाद’ची वाफ

कॅमेऱ्याच्या लेन्स भाड्याने देणारी दुकाने कोल्हापुरात आता बरीच झाली आहेत आणि त्यांपैकी बहुतेकांचा व्यवसाय लग्नसराईवर चालतो. राजारामपुरीतील ज्या दुकानाच्या सेवेविषयी मी लिहीत आहे, तेही याला अपवाद नाही. माझे काम मात्र लग्नाचे नव्हते. दिल्ली कँटोन्मेंट ते रेवाडी या मार्गावर हिवाळ्यात धावणाऱ्या वाफेच्या गाडीची छायाचित्रे काढायला मी जानेवारीत गेले होते आणि त्यासाठी लागणारी लेन्स या दुकानातून नेली होती. दुकानाचे नाव छापू नये, अशी मालकांची इच्छा असल्यामुळे ते देत नाही. काउंटरमागच्या फळीवर जुन्या लाकडी कॅमेऱ्याची पेटी आणि तिचे काळे कापड मांडलेले दिसले, तर आपण योग्य ठिकाणी आलो आहोत असे समजावे. ज्या शहरात बाबूराव पेंटरांनी स्वतःच्या हाताने चित्रपटाचा कॅमेरा घडवला, त्या शहरातल्या दुकानात ही पेटी जपलेली पाहून मला बरे वाटले.

ही हौस मला घरातून मिळाली. माझे वडील मिरजेच्या लोको शेडमध्ये फायरमन, म्हणजे इंजिनाच्या भट्टीत कोळसा टाकणारे, होते. ब्रॉडगेज, मीटरगेज आणि बार्शी लाइट रेल्वेची नॅरोगेज अशा तिन्ही रुंदींचे रूळ एकत्र येणारे मिरज हे त्या काळी नावाजलेले जंक्शन होते. कोल्हापूर संस्थानाने बांधलेला आणि १८९१ साली सुरू झालेला मिरज-कोल्हापूर मार्गही १९७१ मध्ये ब्रॉडगेज होईपर्यंत मीटरगेजच होता. वडिलांच्या अंगाला येणारा कोळशाचा आणि तेलाचा वास मला अजून आठवतो. इंजिन चालताना मात्र मी फारच लहानपणी पाहिले होते. ब्रॉडगेजवरील वाफेची नियमित वाहतूक डिसेंबर १९९५ मध्ये संपली. त्यानंतर मेन लाइनवर वाफेचे इंजिन पाहायचे, तर अशा खास फेऱ्यांचीच वाट पाहावी लागते. १८५५ साली लीड्स येथे बनलेल्या ‘फेअरी क्वीन’ने १९९७ मध्ये दिल्ली ते अलवर अशा फेऱ्यांना सुरुवात केली आणि पुढे तिची जागा रेवाडीच्या शेडमधील इतर इंजिनांनी घेतली. मला पाहायचे होते ते त्यांतले ‘आझाद’, म्हणजे डब्ल्यूपी वर्गाचे ७२०० क्रमांकाचे इंजिन. हे इंजिन १९४७ साली अमेरिकेतील बाल्डविन कारखान्यात बनले. बंदुकीच्या गोळीसारखे नाक असलेल्या या वर्गाची पहिली १६ इंजिने नमुन्यादाखल मागवली गेली होती आणि ‘आझाद’ त्यांतले क्रमांकाने पहिले. पुढे या वर्गाची एकूण ७५५ इंजिने झाली आणि देशातल्या बहुतेक मोठ्या मेल गाड्या त्यांनी ओढल्या.

दुकानात गेले तेव्हा मनात १५०-६०० मिलिमीटरची मोठी लेन्स पक्की होती. परदेशी छायाचित्रांत लांबून काढलेली, नाकासमोर धावून येणारी इंजिने पाहून माझी तशी समजूत झाली होती. मालकांनी लेन्स काढून दाखवली, हातात दिली. पण भाड्याची पावती फाडण्याआधी मला बसवून काही प्रश्न विचारले. गाडी कोणत्या दिशेने जाते, किती वाजता जाते, वेग किती असेल, मी उभी कुठे राहणार, सोबत गाडी आहे का, आणि या इंजिनात मला नेमके काय आवडते? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देताना मी बराच वेळ वाफेविषयीच बोलत राहिले असावे, कारण ते म्हणाले, “ताई, मग ही लेन्स तुमच्या कामाची नाही. हिच्यात इंजिनाचं तोंड येईल, वाफ कापली जाईल.”

त्यांनी दिलेले कारण मला आजही तंतोतंत पटते. डब्ल्यूपी इंजिन मागे जोडलेल्या कोळशाच्या डब्यासह (टेंडर) सुमारे २४ मीटर लांब असते. धुराड्यातून निघालेला लोट थंड हवेत त्याच्या कितीतरी पट वर आणि मागे जातो. तो सगळा चौकटीत बसवायचा, तर मोकळी जागा आधीपासून ठेवावी लागते. शिवाय जानेवारीत त्या भागातली हवा धूसर असते आणि लेन्स जितकी लांबची, तितकी विषयाच्या आणि कॅमेऱ्याच्या मधली हवा जास्त. म्हणजे महागडी लेन्स लावूनही चित्र फिकटच येणार. त्यांनी ७०-२०० मिलिमीटर, एफ २.८ ही लेन्स सुचवली. तिचे भाडे मोठ्या लेन्सपेक्षा कमी होते, ही गोष्ट येथे नोंदवायला हवी. जास्त भाड्याची वस्तू मागणाऱ्या ग्राहकाला कमी भाड्याची वस्तू देणारा दुकानदार मला फारसा भेटलेला नाही.

याहून मोलाचा सल्ला पुढे होता. वाफेचे छायाचित्र कठीण का असते, तर वाफ पांढरीशुभ्र असते आणि इंजिनाचा खालचा भाग जवळजवळ काळा. कॅमेऱ्याच्या मापकावर सोडले, तर तो काळ्याला उजळ करायला जातो आणि वाफेचा सगळा पोत जाऊन तिथे नुसता पांढरा डाग उरतो. याचा सराव कोल्हापुरात कुठे करणार, असे मी विचारले तेव्हा मालक म्हणाले, “गुऱ्हाळावर जावा की. हंगाम सुरूच आहे.” आणि खरोखरच, सरावासाठी यापेक्षा चांगली जागा शोधून सापडली नसती. मी दोन सकाळी वडणगे भागातल्या एका गुऱ्हाळावर काढल्या. काहिलीत रस उकळू लागला की वाफेचे ढग छपराखाली दाटतात, मागे काजळीने काळवंडलेली भिंत असते आणि पूर्वेकडून तिरपे ऊन आत येते. वाफेवर मापन घेऊन ते हाताने पक्के करायचे, कॅमेऱ्याच्या पडद्यावरचा उजेडाचा आलेख उजव्या कडेला टेकू द्यायचा नाही आणि काळा भाग नंतर उजळायचा, हे मला तिथे दुसऱ्या दिवशी जमले. तिथेच आणखी एक गोष्ट कळली. चुलवाणात चिपाड सारणाऱ्या जळव्याने एकदम जास्त जळण टाकले, की धुराड्यातून काळा धूर निघे. थोडे थोडे टाकत राहिला, की धूर पातळ होई. मी हे घरी सांगितले तेव्हा वडील म्हणाले, “इंजिनातही तेच. काळा धूर म्हणजे न जळलेला कोळसा. ड्रायव्हर रागवायचे आम्हाला.”

चालत्या गाडीचा सराव मी रुकडीजवळच्या पंचगंगेच्या पुलापाशी केला. रुळांपासून बऱ्याच अंतरावर, नदीकाठच्या शेताच्या बांधावर उभे राहिले की मिरजेकडून येणारी पॅसेंजर उसाच्या फडातून बाहेर येऊन पुलावर चढताना नीट दिसते. एक चाळिसांश सेकंदाचा शटर ठेवून गाडीबरोबर कॅमेरा फिरवायचा, म्हणजे गाडी स्पष्ट आणि ऊस पुसट येतो. पहिल्या दिवशी माझी एकही चौकट धड आली नाही. दुकानदारांनी ती सगळी छायाचित्रे संगणकावर मोठी करून पाहिली आणि मी शटर दाबताक्षणी हात थांबवते, ही चूक दाखवली. या पाहणीचे त्यांनी पैसे घेतले नाहीत.

आता व्यवहाराचे लिहिते. लेन्सचे भाडे दिवसाला ९०० रुपये होते. प्रवासात जाणारे दिवस त्यांनी अर्ध्या दराने धरले, कारण लेन्स त्या दिवशी पेटीतच राहणार होती. हा नियम लिखित नाही. मी कोल्हापूर-निजामुद्दीन गाडीचे तिकीट दाखवल्यावर त्यांनी स्वतःहून तो लावला. अनामत २० हजार रुपये आणि आधार कार्डाची प्रत घेतली जाते. ही रक्कम हौशी माणसाला जड वाटेल, पण लेन्सची किंमत पाहता मला ती अवाजवी वाटली नाही. भाड्याचा करार मात्र संपूर्ण इंग्रजीत आहे आणि अक्षरही अतिशय बारीक आहे. ज्या दुकानात बोलणे सगळे मराठीत चालते, तिथे नुकसानभरपाईच्या अटी तरी मराठीत असल्याच पाहिजेत, असे मी त्यांना स्पष्ट सांगितले आणि येथेही सांगते. दुकान दुपारी दोन ते पाच बंद असते, याचीही पूर्वकल्पना असावी; मी एकदा भर उन्हात परत गेले.

लेन्सची निगा उत्तम होती. कोल्हापूरच्या पावसाळ्यात चार महिने हवेत एवढा ओलावा असतो, की कपाटात पडून राहिलेल्या लेन्सच्या काचेवर बुरशीचे जाळे धरते आणि ते एकदा आत शिरले की पूर्ण निघत नाही. या दुकानात सगळ्या लेन्स ओलावा शोषणाऱ्या बंद कपाटात असतात आणि कपाटावरचा आर्द्रतेचा काटा ग्राहकाला दिसेल असा बाहेरच्या बाजूला आहे. देण्यापूर्वी त्यांनी लेन्समधून टॉर्चचा उजेड आरपार टाकून दाखवला. माझ्या मते भाड्याने लेन्स घेणाऱ्या प्रत्येकाने ही तपासणी मागून घ्यावी.

दोष एकच निघाला, पण तो ऐन वेळी निघाला. लेन्ससोबत मी दोन जादा बॅटऱ्या भाड्याने घेतल्या होत्या. त्यांपैकी एक जुनी होती. दिल्ली कँटोन्मेंटच्या फलाटावर सकाळच्या गारठ्यात ती पूर्ण भरलेली दाखवत होती आणि ‘आझाद’ने सुटताना सिलिंडर कॉक उघडून दोन्ही बाजूंना वाफ सोडली, त्याच क्षणी कॅमेरा बंद पडला. बॅटरी बदलेपर्यंत इंजिन फलाट सोडून गेले होते. तो क्षण परत मिळणारा नव्हता आणि मला त्याचे फार वाईट वाटले. परत आल्यावर मी हे सांगितले तेव्हा मालकांनी माझ्यासमोर बॅटरी तपासली, ती भाड्याच्या पेटीतून कायमची काढून टाकली आणि एका दिवसाचे भाडे वजा केले. तक्रार मान्य करताना त्यांनी थंडीचे कारण पुढे केले नाही, हे मला महत्त्वाचे वाटते.

त्या दिवसाचा उरलेला वेळ मात्र या लेन्सने आणि त्या सल्ल्याने सार्थकी लावला. माझ्यासोबत कोल्हापूरचेच तिघे हौशी होते. आम्ही भाड्याची मोटार ठरवली होती आणि पतौडी रोड स्थानकाच्या अलीकडे शेतात गाडीची वाट पाहत उभे राहिलो. मार्ग नैर्ऋत्येकडे जातो आणि सकाळी सूर्य आग्नेयेला असतो, म्हणून रुळांच्या आग्नेय बाजूला उभे राहिल्यास इंजिनाचे नाक आणि बाजू दोन्ही उजळतात, हे आम्ही राजारामपुरीतच नकाशावर ठरवून गेलो होतो. आमच्या आधी तिथे पंधरा-वीस जण पोहोचले होते. कोलकात्याचे एक वृद्ध गृहस्थ घडीची खुर्ची घेऊन आले होते आणि ध्वनिमुद्रण करणार असल्यामुळे गाडी जाताना कोणी बोलू नये, अशी विनंती त्यांनी प्रत्येकाला जवळ जाऊन केली. पुण्याच्या दोन मुलांनी सगळ्यांना विचारून एक रेषा ठरवली, म्हणजे कोणाच्याही चौकटीत दुसऱ्याचे डोके येणार नाही. मोहरी फुललेली होती. समोर विजेचे खांब ठरावीक अंतरावर उभे होते आणि दोन खांबांच्या मधल्या जागेत इंजिन असतानाच शटर दाबणे भाग होते.

इथे दुकानदारांनी पावतीच्या मागच्या बाजूला मांडून दिलेले गणित उपयोगी पडले. या इंजिनाच्या मोठ्या चाकाचा व्यास १७०५ मिलिमीटर, म्हणजे एका फेऱ्यात इंजिन सुमारे ५.४ मीटर पुढे जाते. चाके फिरवणारा दांडा, म्हणजे कनेक्टिंग रॉड, चाकाच्या सर्वांत खालच्या जागी असताना चित्र सर्वांत डौलदार दिसते, असे या छंदातले जाणकार मानतात, आणि ती स्थिती प्रत्येक फेऱ्यात एकदाच येते. ताशी ४० किलोमीटरला चाक सेकंदाला साधारण दोन फेरे घेते. माझा कॅमेरा सेकंदाला पाच चौकटी काढतो, म्हणजे एका फेऱ्याला अडीच. तेव्हा नुसते बटण दाबून धरण्यापेक्षा दोन खांबांमधल्या जागेत तीन-चार चौकटींचा एकच झोत मारावा आणि उरलेले नशिबावर सोडावे, असा त्यांचा हिशेब होता. दोन सिलिंडरांच्या इंजिनात चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला वाफेचे चार ठोके पडतात. त्या वेगाला सेकंदाला आठ. ते ठोके आधी पायांखालच्या जमिनीत जाणवले, मग कानाला ऐकू आले आणि मग झाडांच्या रांगेवर वाफ दिसली. कोणीही बोलले नाही.

मी ११ चौकटी काढल्या आणि त्यांतल्या एकीत रॉड खाली आहे. वाफ पूर्ण आली आहे, वरच्या बाजूला मोकळे आकाशही उरले आहे. धुराड्याच्या तोंडाशी थोडी रिकामी जागा दिसते आणि पांढरा लोट तिच्यावर सुरू होतो. कारण खरी वाफ डोळ्यांना दिसत नसते, ती निवून तिचे थेंब झाले की मगच दिसते. ६०० मिलिमीटरची लेन्स असती तर यातले काही मिळाले नसते. आमच्यातल्या एकाने दुसरीकडून तशी मोठी लेन्स आणली होती. त्याला इंजिनाचे नाक सुरेख मिळाले, पण वाफेचा लोट चौकटीबाहेर राहिला आणि रंग धुक्याने फिके झाले.

परतीच्या प्रवासात रेवाडीहून गाडी सुटताना प्रकाश उलट होता. दुपार कलली होती, गाडी ईशान्येकडे तोंड करून उभी होती आणि सूर्य तिच्या मागे गेला होता. फलाटाच्या टोकापासून मागे राहून ७० मिलिमीटरवर उभी चौकट धरली. ड्रायव्हरने रेग्युलेटर, म्हणजे वाफेची झडप, उघडल्यावर पहिले ठोके इतके सावकाश येतात, की एकापुढे एक मोजता येतात; ताशी पाच किलोमीटरला सेकंदाला जेमतेम एक. प्रत्येक ठोक्याबरोबर निघालेला ढग मागून उजळत होता. सकाळी हुकलेल्या क्षणाची यामुळे पूर्ण भरपाई झाली असे म्हणणार नाही, पण माझे सर्वांत चांगले छायाचित्र हेच आहे.

या दुकानाविषयी आणखी एका गोष्टीसाठी मला आदर वाटतो. लेन्स देताना त्यांनी माझ्याकडून तोंडी कबूल करून घेतले, की मी रुळांवर किंवा रुळांच्या कडेला खडीवर उतरणार नाही. रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणे हा १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १४७ प्रमाणे गुन्हा आहे आणि त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, हे त्यांना पाठ होते. त्यांनी उदाहरण दिले ते इंग्लंडचे. १९२३ साली बनलेले ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ हे वाफेचे इंजिन मोठ्या दुरुस्तीनंतर २५ फेब्रुवारी २०१६ रोजी लंडनहून यॉर्कला निघाले, तेव्हा छायाचित्रांसाठी लोक थेट रुळांवर उतरले आणि गाडी वाटेत थांबवावी लागली. जे पाहायला लोक आले होते, तेच त्यांनी अडवले. पतौडी रोडला आमच्या रांगेतला एकही जण पुढे सरकला नाही, तेव्हा मला या बोलण्याची आठवण झाली.

परत आल्यावर मी याच दुकानातून बारा बाय अठरा इंचांची दोन छायाचित्रे छापून घेतली. छपाई करणाऱ्या तरुणाने पतौडी रोडच्या चित्रात धूर थोडा गडद करू का, असे विचारले. पुष्कळ ग्राहकांना धूर काळाभोर आवडतो, हेही सांगितले. मी नको म्हटले आणि त्याने चित्राला हात लावला नाही. छपाईत वाफेच्या आतल्या करड्या छटा अगदी नाजूकपणे उतरल्या आहेत; स्वस्त कागदावर त्या हमखास बुडाल्या असत्या, म्हणून कागदाचे १५० रुपये जास्त देणे योग्य ठरले. वडिलांनी चित्र खिडकीपाशी नेऊन पाहिले. त्यांचा पहिला शब्द इंजिनाविषयी नव्हता, फायरमनविषयी होता. “हात चांगला आहे पोराचा,” असे म्हणून त्यांनी धुराड्यावरच्या पातळ करड्या धुराकडे बोट दाखवले.

ज्यांना अशा फेरीसाठी लेन्स न्यायची असेल, त्यांनी जानेवारीचे नाव डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच नोंदवावे, कारण ७०-२०० ची एकच चांगली प्रत दुकानात आहे आणि मुहूर्ताच्या दिवशी ती लग्नांना जाते. बॅटऱ्या घेताना त्या नव्या आहेत ना, हे विचारावे आणि दुकानातच कॅमेऱ्यात घालून पन्नासेक चौकटी काढून पाहाव्यात. माझे नाव पुढच्या हंगामासाठी त्यांच्या वहीत चढले आहे. नोंदीपुढे मालकांनी स्वतःच्या हाताने ‘२४-७०, रेवाडी शेडच्या आत, पहाटे इंजिन पेटवताना’ असे लिहिले आहे, आणि सरावासाठी या वेळी गुऱ्हाळावर उजाडण्यापूर्वी जायला सांगितले आहे.